क्रिएटिनिन १.९ आणि किडनीत साडेतीन सेंटिमीटरची गाठ: आधी काय तपासायचं, नंतर काय ठरवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६२ वर्षांचे, मधुमेह जुना, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ; किडनी मंदावली की रक्तात वाढतो) १.९. सोनोग्राफीत उजव्या किडनीत ३.५ सेंटिमीटरची भरीव गाठ दिसली. एका सर्जननी ‘किडनी काढून टाकू, दुसरी आहेच’ असं सुचवलं. स्कॅन करायला गेलात तर ‘क्रिएटिनिन जास्त आहे, डाय देता येणार नाही’ म्हणून परत पाठवलं (डाय म्हणजे स्कॅनमध्ये गाठ ठळक दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध). आणि आता डायलिसिस लागणार का, ही धास्ती.

इथे आजार दोन आहेत, पण ते एकाच अवयवात आहेत. एकाचा निर्णय दुसऱ्याकडे पाठ फिरवून घेतला की घोटाळा होतो. ‘दुसरी आहेच’ हे दुसरी धडधाकट असेल तरच खरं, आणि मधुमेह एका बाजूची किडनी सोडून देत नाही. शिवाय एवढ्या आकाराच्या गाठी सरासरी वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. नीट तपासण्या करण्यात दोन-तीन आठवडे गेले तर त्याने गाठीचं भवितव्य बदलत नाही.

आधी किडनीच्या कामाचा हिशेब. नुसत्या क्रिएटिनिनवरून काही ठरवू नका, कारण ते स्नायूंमधून येतं. ६२ वर्षांच्या पुरुषात १.९ म्हणजे २०२१ च्या सीकेडी-एपीआय सूत्राने (क्रिएटिनिन, वय आणि लिंग घालून) ईजीएफआर, म्हणजे किडन्या किती गाळतात याचा अंदाज, साधारण ३९. त्याच वयाच्या बाईत तेच १.९ म्हणजे साधारण २९, म्हणजे एक पायरी खाली. किडनीच्या आजाराच्या पायऱ्या ईजीएफआरवरून अशा: ६० ते ८९ दुसरी, ४५ ते ५९ तिसरीची ‘अ’, ३० ते ४४ तिसरीची ‘ब’, १५ ते २९ चौथी, १५ च्या खाली पाचवी. वडील सध्या तिसरीच्या ‘ब’मध्ये बसतात. मात्र ते खूपच कृश असतील तर क्रिएटिनिन किडनीला उगाच चांगलं दाखवतं. अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही रक्ताची तपासणी करून घ्यावी, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. उलट ट्रायमेथोप्रिमसारखं जंतुसंसर्गाचं औषध चालू असेल, तर किडनीला काही न होताही क्रिएटिनिन वर जातं.

दुसरी गोष्ट, हा आकडा जुना की नवा? किमान तीन महिने टिकला तरच त्याला ‘क्रॉनिक’ म्हणतात. घरातले जुने रिपोर्ट शोधा, कशासाठी केले होते ते महत्त्वाचं नाही. दोन वर्षांपूर्वी १.६ असेल तर ही संथ उतरण आहे. सहा महिन्यांपूर्वी १.० असेल तर गोष्ट वेगळी आणि तातडीची: प्रोस्टेटमुळे मूत्राशयात लघवी तुंबतेय का, पेनकिलर चालू होत्या का, जुलाब-उलट्या झाल्या होत्या का, हे आधी बघायचं. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर किती उरते ते मोजलंय का पाहा; या वयाच्या पुरुषात ते मोजलं नसेल तर रिपोर्ट अर्धाच. लहान आणि पातळ सालीची किडनी जुना आजार सांगते, पण मधुमेहात किडनीचा आकार बरेच दिवस नॉर्मलच राहतो, म्हणजे ‘साइझ नॉर्मल’ वाचून निर्धास्त होऊ नका.

तिसरी तपासणी सगळ्यात स्वस्तातली आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारी: सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, ते लघवीत गळतंय का हे यात कळतं. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० मध्यम, ३०० च्या वर जोखमीचं. ईजीएफआर तेच ३९ असलेल्या दोघांपैकी ज्याचं गुणोत्तर २० आहे आणि ज्याचं १२०० आहे, त्यांची पुढची दहा वर्षं सारखी नसतात. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनी हा आकडा फुगतो, म्हणून जास्त आला तर पुन्हा करून खात्री करायची.

मधुमेह आहे म्हणून किडनीचं नुकसान मधुमेहानेच झालं असं धरून चालू नका. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करा. पडदा अगदी स्वच्छ आणि लघवीत प्रथिनं भरपूर, किंवा प्रथिनं अचानक वाढलेली, किंवा लघवीत लाल पेशींचे कास्ट (किडनीच्या नळ्यांत पेशींचे झालेले साचे), असं काही दिसलं तर नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, वेगळा आजार शोधतात. त्यात एएनए, एएनसीए, कॉम्प्लिमेंट, अँटी-पीएलए२आर आणि फ्री लाइट चेन या रक्ततपासण्या येतात, आणि गरज पडली तर बायोप्सी, म्हणजे किडनीचा तुकडा घेऊन तपासणं.

आता गाठ. सोनोग्राफी गाठ दाखवते, तिचं नाव सांगत नाही. त्यासाठी डाय देऊन सीटी लागतोच, आणि ईजीएफआर ३९ ला तो नाकारण्याचं कारण नाही. ३० च्या वर डायमुळे किडनी बिघडण्याची शक्यता कमी समजली जाते. ३० च्या खाली असेल तर आधी आणि नंतर शिरेतून सलाईन देऊन करतात. स्कॅनच्या आधी दोन दिवस पेनकिलर नको, पाणी पोटात असू द्या, आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) असेल तर डाय दिल्यापासून ४८ तास थांबवून क्रिएटिनिन बघून सुरू करायला बहुतेक डॉक्टर सांगतात. चिठ्ठीवर ‘क्रिएटिनिन १.९’ऐवजी ‘ईजीएफआर ३९, नेफ्रॉलॉजिस्टची संमती’ असं लिहून आणा, निम्मी हुज्जत तिथेच संपते. तरीही अडलं तर डाय देऊन एमआरआय किंवा सूक्ष्म बुडबुड्यांची सोनोग्राफी हे पर्याय आहेत. ते बुडबुडे किडनीतून बाहेर पडतच नाहीत.

सीटीच्या रिपोर्टमध्ये बघायचं ते असं. डाय देण्याआधी गाठीची घनता किती हाऊन्सफील्ड युनिट (सीटीवर घनता मोजायचं एकक), आणि दिल्यावर किती? समजा आधी ३५ आणि नंतर ९०. म्हणजे ५५ ची वाढ. २० किंवा जास्त वाढ म्हणजे गाठीत रक्तपुरवठा आहे, ती खरोखर भरीव आहे. १० ते २० मधली वाढ संदिग्ध. गाठीत उणे १० पेक्षा खाली जाणारा भाग दिसला तर ती चरबी, आणि चरबी म्हणजे बहुतेक वेळा अँजिओमायोलायपोमा. ती कर्करोगाची नसते. तिची काळजी रक्तस्रावाची, आणि तीही ४ सेंटिमीटरच्या पुढे जास्त. (रिपोर्टमध्ये बॉस्नियाक १ ते ४ असं काही लिहिलेलं दिसलं तर ती प्रतवारी पाण्याच्या गाठींची असते, भरीव गाठीला ती लागू नाही.) गाठ किडनीच्या सालीत न निघता आतल्या लघवीच्या पिशवीच्या अस्तरात निघाली, तर तो वेगळा कर्करोग, त्याचं ऑपरेशनही वेगळं. म्हणून ती नेमकी कुठून निघालीय हे रेडिऑलॉजिस्टला स्पष्ट विचारा. पेट स्कॅनचा आग्रह कुणी धरला तर कारण विचारा: त्यात वापरलेली किरणोत्सारी साखर लघवीतूनच बाहेर पडते, किडनी तशीही चमकते, आणि किडनीच्या बऱ्याच गाठी ती साखर फारशी घेत नाहीत. छातीचा सीटी जास्त उपयोगी.

४ सेंटिमीटरपर्यंतच्या भरीव गाठींपैकी साधारण पाचातली एक निरुपद्रवी निघते. म्हणून सुईने तुकडा घेण्याला तुमच्या बाबतीत अर्थ आहे, पण एका अटीवर: रिपोर्टमुळे निर्णय बदलणार असेल तरच. जाड सुईने तुकडाच घ्यायचा, नुसत्या पेशी ओढून भागत नाही. दहातल्या एखाद-दोन वेळा तुकड्यात काही कळतच नाही. ‘निष्कर्ष नाही’ म्हणजे ‘कर्करोग नाही’ असा अर्थ काढू नका.

गाठ कर्करोगाची निघाली, किडनीतच मर्यादित आणि ४ सेंटिमीटरच्या आत असेल, तर तिला टी१ए म्हणतात. इथे पूर्ण किडनी काढण्याआधी एक चाचणी मागा: डीटीपीए स्कॅन. दोन्ही किडन्यांची कामाची वाटणी त्यात कळते. समजा वाटणी निम्मी-निम्मी आली. ३९ पैकी उजवीचे साडेएकोणीस. ती पूर्ण काढली तर उरतात साडेएकोणीस. दुसरी थोडा भार उचलते, पण मधुमेही किडनीकडून फार अपेक्षा ठेवू नये. म्हणजे माणूस थेट चौथ्या पायरीवर. तेच गाठीपुरता भाग काढला, तर त्या किडनीचं साधारण पंचमांश काम जातं, म्हणजे तीन-चार अंक, आणि ३५ च्या आसपास राहतात. म्हणूनच ‘आंशिक नेफ्रेक्टॉमी (गाठीपुरता भाग काढणं) होईल का, नसेल तर नेमकं का नाही’ हा प्रश्न मी सर्जनसमोर पहिला ठेवेन. ‘नाही’ला खरी कारणंही असतात: गाठ मुख्य रक्तवाहिन्यांना चिकटलेली, किडनीच्या अगदी मध्यभागी. पण ‘आमच्याकडे पूर्णच काढतात’ हे वैद्यकीय कारण नव्हे, ते दुसरं मत घेण्याचं कारण आहे. आंशिक ऑपरेशनमध्ये रोहिणी काही वेळ चिमटून ठेवतात. तो वेळ २५ मिनिटांच्या आत राहावा असा प्रयत्न असतो.

गोठवून किंवा उष्णतेने गाठ जाळणं ३ सेंटिमीटरपर्यंत उत्तम चालतं, साडेतीनला सीमेवर. आणि हृदय कमजोर असेल, भूल देणं धोक्याचं असेल, तर ठरावीक काळाने स्कॅन करत लक्ष ठेवणं हाही रीतसर उपचार आहे, टाळाटाळ नाही.

ऑपरेशन झालं तर पॅथॉलॉजीकडे आणखी एक गोष्ट मागा: गाठीशेजारच्या साध्या किडनीचाही रिपोर्ट. गाठीचा प्रकार, ग्रेड, कडा स्वच्छ का हे सगळे लिहितात. शेजारच्या भागावर एक ओळही नसते. वास्तविक तुमच्या किडनीच्या आजाराची बायोप्सी तिथे फुकटात मिळालेली असते.

गाठीचं काहीही ठरो, किडनी जपण्याची औषधं लगेच सुरू व्हायला हवीत. बीपी १३०/८० च्या खाली, पाच मिनिटं शांत बसून मोजलेलं. लघवीत अल्ब्युमिन असेल तर टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलच्या गटातलं बीपीचं एक औषध, दोन्ही मिळून कधीच नाही. हे सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं. बरेच जण इथेच घाबरतात. क्रिएटिनिन १.९ चं २.३ झालं, औषध बंद! पण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ, म्हणजे तुमच्याकडे साधारण २.५ पर्यंत, अपेक्षित असते. गाळणीवरचा दाब उतरल्याची ती खूण. त्यापुढे गेलं तर मात्र किडनीच्या रोहिणीत अरुंदपणा आहे का ते बघायचं. सोबत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम, ही मधुमेहाची पण किडनीही जपणारी औषधं. ईजीएफआर २० च्या वर असेपर्यंत सुरू करता येतं. तेही सुरुवातीला ईजीएफआर थोडं खाली नेतं, मग उतरण संथ करतं. ऑपरेशनच्या तीन दिवस आधी ते बंद करायचं, नाहीतर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. जुलाब, उलट्या, उपाशीपोटी राहणं, अशा दिवसांत हे, बीपीचं वरचं औषध, लघवी वाढवणारी गोळी आणि मेटफॉर्मिन तात्पुरतं थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. मेटफॉर्मिनचा डोस ईजीएफआर ४५ च्या खाली अर्ध्यावर, ३० च्या खाली बंद.

पेनकिलरमध्ये डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नकोच; पॅरासिटामॉल चालतं. मीठ दिवसाला एकूण ५ ग्रॅम, प्रथिनं वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोला ५२ ग्रॅम. आणि ‘कमी सोडियमचं’ मीठ घरात आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि टेल्मिसार्टनवर असलेल्या किडनीच्या पेशंटला ते महागात पडतं. पोटॅशियम अनपेक्षितपणे ६ च्या वर आलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठून ईसीजी आणि पुन्हा तपासणी. नमुन्यातल्या पेशी फुटल्यानेही खोटा आकडा येतो, पण ते हॉस्पिटलमध्ये ठरू दे, घरी नाही.

डायलिसिसचं. आज ३९ ला नाही. पुढे लागेल का, हे अल्ब्युमिनचा आकडा आणि सर्जनची सुरी किती भाग नेते यावर आहे. वय, लिंग, ईजीएफआर आणि अल्ब्युमिन घालून दोन आणि पाच वर्षांत किडनी निकामी होण्याची टक्केवारी काढणारं केएफआरई सूत्र आहे. नेफ्रॉलॉजिस्टकडून ती मागून घ्या. दोन वर्षांची शक्यता ४० टक्क्यांच्या पुढे गेली की फिस्टुल्याची (डायलिसिससाठी हाताची शीर रोहिणीला जोडण्याचं छोटं ऑपरेशन) तयारी सुरू करतात, कारण तो वापरण्याजोगा व्हायला सहा ते बारा आठवडे लागतात. डायलिसिस ठरावीक आकड्याला सुरू होत नाही. भूक मरणं, मळमळ, न उतरणारी सूज, न आवरणारं पोटॅशियम यांवर ठरतं. २०१० च्या आयडियल चाचणीत ठरवून लवकर सुरू केलेल्यांना जगण्यात फायदा दिसला नाही. प्रत्यारोपणाचा विचार ईजीएफआर २० च्या आसपासच सुरू करावा, आणि लहान गाठ पूर्ण निघालेली असेल तर ती सहसा त्याच्या आड येत नाही.

एक काम मात्र आजपासूनच. वडील ज्या हाताने लिहितात त्याच्या दुसऱ्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या शिरा पुढच्या फिस्टुल्यासाठी राखून ठेवा. रक्त काढणं, सलाईन लावणं, सगळं लिहित्या हाताच्या पंजावरच्या शिरेतून. भरती व्हाल तेव्हा नर्सला दर वेळी सांगावं लागेल.

अल्ब्युमिन आणि डीटीपीएचे आकडे आले की इथेच टाका, सीटीच्या रिपोर्टमधली घनतेची ओळही. सर्जनसाठी नेमके प्रश्न त्यावरून काढता येतील.