महाश्म म्हणजे अश्मयुग नव्हे

प्रश्न असा आहे : नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांना ‘महाश्मयुगीन’ म्हणतात, म्हणजे ती अश्मयुगातली का? आणि त्यांना ‘टेकाड’ म्हटलेलं चालेल का?

अश्मयुगातली मुळीच नाहीत. अश्मयुग हे नाव दगडी हत्यारांवरून पडलं, तर महाश्म हे थडग्याभोवती मांडलेल्या मोठ्या शिळांवरून. ही वर्तुळं रचणारी माणसं लोखंड वापरत होती. नागपूर जिल्ह्यातल्याच नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच उत्खननात मिळाली, आणि माहुरझरीच्या दफनांत घोड्यांची हाडं व त्यांचे तांब्याचे दागिने. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाचा. सगळा घोटाळा त्या ‘युग’मुळे होतो, म्हणून ‘महाश्म संस्कृती’ म्हणावं. ‘बृहदश्म’, ‘महापाषाण’ त्याच अर्थाचे. कुठलाही घ्या, पण एका लेखात एकच ठेवा.

‘टेकाड’ मात्र नको. पुरातत्त्वावरच्या मराठी लेखनात टेकाड म्हटलं की पांढरीचं टेकाड डोळ्यांपुढे येतं : माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, घरं पडली, पुन्हा उभी राहिली आणि मातीचे थर चढत गेले. शिळावर्तुळात कोणी राहत नव्हतं. शिळांचं कडं, आत माती-गोट्यांचा भराव, त्यात अस्थी, काळी-तांबडी मडकी, लोखंडी अवजारं. मधला भाग किंचित फुगीर असतो, इतकंच. नायकुंडला वस्ती आणि दफनं दोन्ही आहेत. तिथे दोन्हींना टेकाड म्हटलं, तर भट्टी वस्तीत मिळाली की थडग्यात, हेच वाचकाला कळणार नाही.

‘दगडांचा ढीग’ हा शब्दप्रयोग तर कटाक्षाने टाळा. शेत साफ करताना, बांध घालताना ढिगातले दगड उचलायला कोणाला काही वाटत नाही, आणि कडं मोडलं की थडग्याची हद्दच पुसली जाते. जुनापाणीची वर्तुळं केंद्र-संरक्षित आहेत. प्राचीन स्मारकांच्या 1958च्या कायद्यातल्या 2010च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून 100 मीटर प्रतिषिद्ध क्षेत्र (बांधकामाला बंदी) आणि त्यापुढचं 200 मीटर विनियमित क्षेत्र (बांधकाम परवानगीनेच). म्हणजे जपायची असते ती जागा, नुसत्या शिळा नव्हेत. ‘शिळावर्तुळ’ या शब्दात ती आखलेली जागा येते, म्हणून मला तोच नेमका वाटतो.

आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजसारखी माती-दगड रचून मुद्दाम उंच केलेली थडगी असतील, तर ‘दफन-टेकाड’ म्हणा. न्यूग्रेंज नवाश्मयुगातलं, म्हणजे अश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्यातलं आहे, तेव्हा तिथे अश्मयुगाचा उल्लेखही बरोबर ठरतो.