८५ हजारांत आजी मोजली का?

प्रश्न: नेरूळला वडिलांच्या नावावर सिडकोचा फ्लॅट आहे. वडील मागच्या वर्षी गेले. मृत्युपत्र नाही, नॉमिनी आई. फ्लॅट आईच्या नावावर व्हायला माझी आणि भावाची काहीच हरकत नाही. ओळखीतले एक पॅरालीगल (वकील नाहीत, पण कायद्याच्या कागदपत्रांची कामं करून देतात) ‘सगळं मिळून ८५ हजार’ म्हणतात, निम्मे आगाऊ. वडिलांची आई गावी असते, तिचा यात संबंध नाही असंही ते म्हणाले. एफडी मोडून पैसे देऊ का?

उत्तर: एफडी राहू द्या. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य मला आजीचं वाटलं.

तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू आहे असं धरतो. १९५६ च्या या कायद्यात मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची आई ही त्याच्या बायको-मुलांच्या बरोबरीची, वर्ग एकची वारस असते. म्हणजे समान हिस्से चार: आई, तुम्ही, भाऊ आणि आजी. नॉमिनी झाल्याने आई एकटी मालक होत नाही. आजीला वगळून फक्त तुम्ही दोघा भावंडांनी आईसाठी हिस्सा सोडल्याचं हक्कसोडपत्र केलं तर सोसायटी एखादवेळेस नाव चढवेलही. पण फ्लॅट विकताना घेणाऱ्याच्या बँकेचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवेल. मधल्या काळात आजी गेली, तर तिच्या हिश्शात काका-आत्याही येतील. फ्लॅट एक कोटीचा धरला तर पाव हिस्सा २५ लाखांचा. आणि वारसांच्या प्रतिज्ञापत्रावर सही तुमची असणार, त्या गृहस्थांची नव्हे.

त्यांचं काम फुकटचं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. सिडको, सोसायटी, दुय्यम निबंधक, झेरॉक्सचे गठ्ठे, ‘साहेब जेवायला गेलेत’... नोकरदार माणसाच्या चार-सहा रजा यात जातात. त्या फेऱ्यांचे पैसे जरूर द्या. पण आपल्याकडे पॅरालीगलला वकिलीची सनद नसते. कोणाचा हक्क किती, हे सनदधारक वकिलाकडूनच लेखी घ्यावं. तो चुकीचं वागला तर निदान बार कौन्सिलकडे तक्रार करता येते.

म्हणून ८५ हजारांची फोड मागा. सरकारी शुल्क किती, वकिलाची फी किती, फेऱ्यांचे किती. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नातलगांनी मोबदला न घेता केलेल्या हक्कसोडपत्राला ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये मुद्रांक आहे. ही सवलत तुमच्या फ्लॅटला, आणि आजीने सुनेसाठी सोडलेल्या हिश्शालाही बसते का, हे वकिलाला आधी विचारा, कारण पूर्ण मुद्रांक लागला तर सगळं गणित बदलतं. फोडीत ‘सोसायटी प्रीमियम’, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावे करताना सोसायटी घेते ती रक्कम, दिसला तर भुवया उंचवा. वारसाच्या नावे हस्तांतराला तो लागत नाही. सरकारी रक्कम स्वतः भरा, पावती आपल्या नावाची. उरलेले पैसे काम पुढे सरकेल तसे, बँकेतून. मूळ करारनामा आणि शेअर सर्टिफिकेट त्यांच्या पिशवीत जाता कामा नये. कुलमुखत्यारपत्र तर अजिबात नको, कागद दाखल करण्यापुरतं अधिकारपत्र पुरे.

पहिला सल्ला तर फुकटही मिळेल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, किंवा १५१०० वर फोन करा. तिथेही पॅरालीगल स्वयंसेवक असतात, ते लोकांकडून पैसे घेत नाहीत. तुमचे गृहस्थ ‘मी प्राधिकरणाचाच’ म्हणून ८५ हजार मागत असतील, तर तिथेच थांबा.

त्याआधी एक रविवार काढून गावी जा. आजीला सगळं नीट समजावून सांगा, सही घ्यायची घाई करू नका. प्रवास तिला झेपेल का तेही बघा. ती हिस्सा सोडायला तयार नसेल, तर तो तिचा हक्क आहे; मग चौघांची नावं लावायची की तिचा हिस्सा विकत घ्यायचा, हा वेगळा हिशेब. त्या वेळी एफडीचा विषय पुन्हा काढू.