कोर्दोबा, सकाळी साडेआठ

प्रश्न : मुलगी माद्रिदला शिकते. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं (वय 59 आणि 64) तिच्याकडे जाणार आहोत. मधले दोन दिवस एखादं जुनं गाव बघायचंय, आणि ह्यांच्या मनात दक्षिण स्पेनमधलं कोर्दोबा बसलंय. रेल्वेभाडं सोडून दोघांत मिळून दीडशे युरो, त्यावर एक पैसा नाही. आम्ही शाकाहारी, शिवाय माझे गुडघे कुरकुरतात. पुण्यातले एक टूरवाले सेव्हिलहून बसने ‘अर्ध्या दिवसात कोर्दोबा’ करा म्हणतात. ते स्वस्त पडेल का? – एक वाचक, एरंडवणे

उत्तर : ताई, अर्धा दिवस अजिबात नको. बस भर दुपारी पोचणार, सगळ्या बसगाड्यांची माणसं एकाच दारापाशी उभी राहणार आणि तुम्ही रांगेचे फोटो घेऊन परतणार. त्यापेक्षा रात्री तिथेच राहा. खोलीला पैसे पडतात, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळीच निम्मे वसूल होतात.

कोर्दोबाला जायचं ते मेस्कीतासाठी. 785 साली मशीद म्हणून बांधायला घेतली, पुढची दोनशे वर्षं ती वाढतच गेली. 1236 मध्ये गाव ख्रिस्ती राजाच्या हाती गेलं, मशिदीचं चर्च झालं आणि 1523 पासून तिच्या मधोमध अख्खं कॅथीड्रल उभं केलं. एरवी माणशी तिकीट दहा युरोंच्या वर आहे. मात्र सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ प्रवेश फुकट असतो. रविवारी ही सोय नाही, म्हणून शनिवारी संध्याकाळी पोचू नका. सणासुदीला वेळ बदलते, ती आदल्या दिवशी त्यांच्या वेबसाइटवर बघून घ्या.

लवकर उठायचं म्हणून घाबरू नका. मी तीस वर्षं भूगोल शिकवला, तेव्हा एवढं सांगायचा मोह आवरत नाही. स्पेन नकाशावर इंग्लंडच्या खाली, पण 1940 पासून त्यांची घड्याळं बर्लिनच्या वेळेवर चालतात. त्यामुळे ऑक्टोबरात तिथे सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो. मी आणि माझी नणंद आठला निघालो तर रस्त्यावर दिवे होते. झाडूवाले आणि आम्ही दोघी, बाकी गल्ली रिकामी.

आत 856 खांब आहेत. एक कोपरा धरा आणि तिथेच दहा मिनिटं उभ्या राहा. खांब एकासारखे एक नाहीत. कुणी काळपट, कुणी गुलाबी, एखाद्याला बैठक आहे तर शेजारच्याला नाही. सगळ्यात जुन्या भागातले तर जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथिक (रोमनांनंतर तिथे राज्य केलेल्या लोकांच्या) इमारतींतून उचलून आणलेले. उंचीला कमी पडत होते, म्हणून कमानीवर दुसरी कमान चढवून छत वर नेलंय. पांढरा दगड, लाल वीट, परत दगड, असे कमानींचे पट्टे. मग पूर्वेकडच्या भागात चालत जा. तो दहाव्या शतकाच्या शेवटी तिथला वजीर अल् मन्सूर याने वाढवला. तिथल्या कमानींकडे नीट बघितलं तर लाल पट्टे विटांचे नाहीतच, दगडावर नुसता रंग दिलाय! नणंद म्हणाली, “शेवटी बजेट संपलं वाटतं.” हा फरक मागाहून आलेल्या गर्दीत आम्हाला दिसला नसता. सव्वानऊनंतर रखवालदार सगळ्यांना दाराकडे वळवायला लागतात. साडेनऊला आत प्रार्थना असते.

बाहेरचं नारिंगांचं अंगण दिवसभर विनातिकीट. झाडांमधून दगडी पाट काढलेत, ते कोकणातल्या माणसाला चटकन ओळखू येतील. खाली पडलेलं नारिंग मात्र चाखू नका. मी चाखलं. कडूजहर.

राहायला ‘ओस्ताल’ शोधा. नावावरून तरुण पोरांचं वसतिगृह वाटतं, पण तसं नाही. छोट्या घरगुती लॉजला तिकडे ओस्ताल म्हणतात, स्वतंत्र खोली मिळते. दारावर निळ्या पाटीवर मोठा एच आणि छोटा एस असतो. मशिदीला चिकटून घेऊ नका, दहा मिनिटं लांब घ्या, भाव उतरतो. तळमजला मागून घ्या. जुन्या घरांत लिफ्ट नसते, आणि गुडघे तुमचे आहेत. गल्ल्यांत गोटे बसवलेत, म्हणून चपला नकोत, जाड तळव्याचे बूट.

माद्रिदहून वेगवान गाडी पावणेदोन तासांत नेते. तीन कंपन्यांच्या गाड्या धावतात, आधी काढलं तर तिकीट खूप उतरतं. हे काम मुलीवर सोपवा.

आता जेवण. माझी फजिती ऐका. एका बारमध्ये पाटीवर ‘वेहेताल’ सँडविच वाचलं, म्हणजे भाजीचं. निर्धास्त चावा घेतला तर आत ट्यूना मासा आणि अंडं. बारवाल्याची चूक नाही, तिकडे त्याला तेच म्हणतात. म्हणून ‘सिन हामोन, सिन आतून, सिन वेवो’ हे पाठ करा: डुकराचं मांस नको, ट्यूना नको, अंडं नको. साल्मोरेहो मागताना तर हे म्हणायलाच हवं. टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं ते गार दाट सार आहे, पण वर हामोन आणि उकडलेलं अंडं भुरभुरतात. आणि वांग्याची भजी खाच. वर ‘मिएल दे कान्या’ ओततात. मेनूवर मध लिहिलेला दिसेल, पण ती आपली काकवी आहे.

दुपारी दोन ते पाच दुकानं बंद. त्याचं पुणेकराला काय समजावून सांगायचं! त्या वेळात फुकटच्या गोष्टी करा. रोमन पूल ओलांडा. खालची नदी ग्वादालकिवीर, म्हणजे अरबीत ‘मोठी नदी’. ऊन असेल तर पूल संध्याकाळी, आणि दुपारी सरळ झोपा.

अंगणांचा मोठा सण मे महिन्यात असतो, तेव्हा खोल्यांचे भाव चढतात. तुमचा ऑक्टोबर बरा. सण नसला तरी लोखंडी जाळीच्या दारांतून आतले चौक दिसतात, अगदी वाड्याच्या दिंडीतून दिसावेत तसे. भिंतभर कुंड्या टांगलेल्या. एका चौकात एक आजी लांब वेताच्या टोकाला बांधलेल्या डब्याने वरच्या कुंडीत पाणी घालत होत्या. एक थेंब भिंतीवर ओघळला नाही. आम्ही बघतोय हे कळल्यावर त्यांनी डबा भरून नणंदेच्या हातात काठी दिली. तिने अर्धं पाणी स्वतःच्या अंगावर घेतलं.

प्रश्न : सोबत खाऊ नेता येतो का? – त्याच वाचक

उत्तर : युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, आंबा बर्फी, तुपाचा डबा घरी. केळी चालतात, बाकीच्या बऱ्याच ताज्या फळांना कागदपत्रं लागतात. चिवडा, मेतकूट, बाकरवडी खुशाल न्या. बाकरवडी जास्त न्या, मुलीच्या मैत्रिणी येतीलच.