वाचक विचारतात : पाहुण्या वक्त्याचा प्रस्ताव परत का येतो?

महाविद्यालयात व्याख्यान, शाहिरी, एकपात्री किंवा शास्त्रीय संगीताची मैफल करायची तर पैसे कुठून आणि कसे मागायचे, या विषयावर या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत. उत्तरे देताना महाराष्ट्रातील विद्यापीठसंलग्न, अनुदानित महाविद्यालये समोर ठेवली आहेत. स्वायत्त आणि खासगी संस्थांत समित्यांची नावे बदलतात, कागदांचा प्रवास साधारण तोच असतो.

मराठी भाषा गौरव दिनासाठी आमच्या वाङ्मय मंडळाने वीस हजारांचा प्रस्ताव दिला. कार्यालयाने ‘तरतूद नाही’ असा शेरा मारून तो परत पाठवला. स्नेहसंमेलनाला मात्र पैसे असतात. असे का?
(विद्यार्थी प्रतिनिधी, सातारा जिल्हा)

‘तरतूद नाही’ म्हणजे तिजोरीत पैसे नाहीत असे नव्हे. तुम्ही मागितलेला खर्च कोणत्या शीर्षाखाली (हिशेबाच्या सदराखाली) टाकायचा हे लेखापालाला कळले नाही, किंवा त्या शीर्षाखाली या वर्षी काही ठेवलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आधी आपली प्रवेशाची फी पावती काढून नीट वाचा. तिच्यात शिक्षणशुल्काखेरीज जिमखाना, स्नेहसंमेलन, विद्यार्थी कल्याण, नियतकालिक अशा ओळी असतात. समजा ‘सांस्कृतिक उपक्रम’ या ओळीत ५० रुपये आहेत आणि महाविद्यालयात २,४०० विद्यार्थी आहेत, तर त्या शीर्षाखाली वर्षाला १,२०,००० रुपये जमतात. तुमचा प्रस्ताव या ओळीचे नाव घेऊन गेला पाहिजे. अर्जाच्या विषयातच लिहा : ‘सांस्कृतिक उपक्रम या शीर्षातून रु. २०,००० मंजूर होणेबाबत’. ‘आर्थिक साहाय्य मिळावे’ असा मोघम विषय दिला की कागद टेबलाटेबलावर फिरतो आणि शेवटी तुमच्याकडेच येतो.

दुसरी अडचण वेळेची. विद्यार्थ्यांचे वर्ष जून-जुलैत सुरू होते, पैशाचे १ एप्रिलला. २७ फेब्रुवारीचा कार्यक्रम आर्थिक वर्षाच्या अगदी शेपटाला येतो. तोवर बहुतेक शीर्षे रिकामी झालेली असतात आणि लेखापाल ३१ मार्चच्या तयारीत असतो. वार्षिक अंदाजपत्रक महाविद्यालय विकास समितीपुढे जाते. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमानुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात ही समिती असते आणि तिच्यावर विद्यार्थ्यांचाही प्रतिनिधी असतो. पुढच्या फेब्रुवारीचा कार्यक्रम या वर्षीच्या अंदाजपत्रकात बसवायचा, तर मागणी मार्चच्या आत मंडळाच्या समन्वयक प्राध्यापकांमार्फत प्राचार्यांकडे पोचायला हवी.

या वर्षीची वेळ गेली असेल तर एक वाट उरते : पुनर्विनियोजन. ज्या शीर्षात पैसे शिल्लक आहेत तिथून तुमच्या शीर्षात रक्कम वळवण्याची विनंती. कुठे शिल्लक आहे हे लेखापालच सांगू शकतो. म्हणून अर्ज टाकण्याआधी त्यांच्याकडे दहा मिनिटे बसा. हे बसणे बहुतेक मंडळे टाळतात आणि थेट प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभी राहतात.

वक्ते पाच हजार मानधन घेतात. आम्ही सात हजारांचा प्रस्ताव दिला आणि शेवटी पदरमोड करावी लागली. अंदाजपत्रक नेमके कसे करायचे?
(मराठी विभाग, सोलापूर)

मानधन हा बहुधा खर्चाचा लहान भाग असतो. पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या एका वक्त्याचा हिशेब मांडून पाहू. दर उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे घाला.

मानधन ५,०००. गाडी जाऊन-येऊन ५०० किलोमीटर, १५ रुपये दराने ७,५००. चालकभत्ता ५००, टोल ८००. एक मुक्काम आणि भोजन २,०००. ध्वनिव्यवस्था ४,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७२०. फलक आणि निमंत्रणाची छपाई १,२८०. शाल आणि पुस्तक ६००. बेरीज २२,४००. म्हणजे मानधनाच्या जवळजवळ साडेचारपट.

आता गाडीऐवजी रेल्वे धरली तर? पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस संध्याकाळी निघते आणि परतीची गाडी सोलापूरहून सकाळी सुटते. तिकीट स्वस्त पडते, पण दुपारच्या व्याख्यानासाठी मुक्काम दोन होतात. निवासाची रक्कम दुप्पट करायला विसरलात की पदरमोड आलीच. शिवाय वक्ते ज्येष्ठ असतील तर सोबत कोणी येणार का, हे आधीच विचारा. सोबतीचे तिकीट आणि जेवण हिशेबात नसले तर ते समन्वयकाच्या खिशातून जाते.

ध्वनिव्यवस्थेचे दरपत्रक मागताना ‘साउंड सिस्टीम’ एवढेच लिहू नका. दोनशे श्रोत्यांच्या बंद सभागृहात व्याख्यानाला दोन ध्वनिक्षेपक (स्पीकर), व्यासपीठावर एक स्थिर माइक आणि श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी एक बिनतारी माइक पुरतो (सेल नवे, जोडीला सुटे). शाहिरीला हे चालत नाही. शाहीर, दोन-तीन झीलकरी (मागून सूर धरणारे साथीदार), ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज आणि संवादिनी असा ताफा असेल तर सहा ते आठ माइक, ते जुळवणारा मिक्सर आणि कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचाकडे तोंड करून ठेवलेले दोन मॉनिटर लागतात. एकपात्रीला डोक्याला बसणारा माइक, मागे काळा पडदा आणि समोरून निदान दोन दिवे. शास्त्रीय गायनाला माइक कमी लागतात. तिथे गादी-तक्क्यांचा बैठा मंच आणि वाद्ये लावायला तासभर शांत खोली हवी. मंचावरचे पंखे बंद करता येतात का तेही बघा, कारण वारा थेट माइकमध्ये घोंघावतो.

कलाकारांकडून ही यादी लेखी मागवा आणि तीच तीन पुरवठादारांना द्या. तिघांनी वेगवेगळ्या सामानाचे दर दिले तर तुलनात्मक तक्ता निरर्थक ठरतो. खरेदी समितीतले कोणीतरी ते पकडतेच.

‘संकीर्ण खर्च’ या ओळीत एकूण रकमेच्या पाच टक्क्यांहून जास्त टाकू नका. जास्त दिसले की कात्री पहिल्यांदा तिथेच लागते आणि मग इतर ओळींवरही संशय जातो.

मागितले त्यातले निम्मेच मंजूर झाले. आता?
(सांस्कृतिक समिती, अहिल्यानगर)

प्रत्येक ओळीला थोडी थोडी कात्री लावू नका. सहा माइकच्या जागी तीन केले की शाहिरी ऐकू येत नाही आणि पैसे वाया जातात. कार्यक्रमच बदला : बाहेरच्या वक्त्याऐवजी जिल्ह्यातला, किंवा ताफ्याऐवजी एकपात्री. दुसरे असे की शेजारच्या दोन महाविद्यालयांनी एकाच दिवशी सकाळ-दुपार तोच वक्ता घेतला तर प्रवासखर्च निम्मा होतो. त्यासाठी दोन्ही प्राचार्यांचे एकमेकांना पत्र हवे आणि प्रवासाचे मूळ बिल कोणाच्या फाइलला लागणार हे आधी ठरलेले हवे. एकाच बिलाची प्रत दोन्हीकडे लावली तर लेखापरीक्षणात ती दुबार उचल ठरते.

महाविद्यालयाबाहेरून निधी मिळतो का?
(प्राध्यापिका, नाशिक जिल्हा)

मिळतो, आणि तुम्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत आहात म्हणून पहिले नाव बहिःशाल शिक्षण मंडळाचे (विद्यापीठाबाहेर ज्ञानप्रसार करणारा विद्यापीठाचा विभाग). त्याची डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला संलग्न महाविद्यालयांत होते. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरूंच्या नावाची ही माला आहे. व्याख्यानमालेचे केंद्र मिळावे म्हणून महाविद्यालयाने अर्ज करायचा असतो, तेव्हा दरवर्षीचे परिपत्रक कार्यालयात येते तेव्हाच हातात घ्या. विद्यार्थी विकास मंडळाच्या योजनाही अशाच परिपत्रकाने येतात. त्यांत विषय ठरलेला असतो, आपल्या आवडीचा कार्यक्रम त्यात कोंबता येत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतल्या वाचकांनी अग्रणी महाविद्यालय योजनेकडे पाहावे. तिथे परिसरातील महाविद्यालयांचा गट करून उपक्रम होतात.

शास्त्रीय संगीत, नृत्य आणि लोककलांसाठी स्पिक मॅके आहे. १९७७ साली आयआयटी दिल्लीचे प्राध्यापक किरण सेठ यांनी सुरू केलेली ही स्वयंसेवकांची चळवळ. कार्यक्रम विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य असतात. मात्र ‘विनामूल्य’ वाचून शून्याचा प्रस्ताव करू नका. सभागृह, ध्वनिव्यवस्था आणि कलाकारांची स्थानिक सोय यांसाठी यजमान महाविद्यालयाला हात सैल सोडावा लागतो. आणि त्यांच्या कार्यक्रमात हार-तुरे, भाषणे, प्रायोजकांचे फलक यांना वाव नसतो. अध्यक्षीय समारोपाची सवय असलेल्या संस्थांना हे आधी सांगून ठेवलेले बरे.

राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर असेल तर त्यातील बौद्धिक सत्राचा वक्ता शिबिराच्या खर्चात बसू शकतो. कार्यक्रम अधिकाऱ्यांशी बोला.

पतसंस्था, सहकारी बँक, माजी विद्यार्थी यांच्याकडून देणगी घ्यायला हरकत नाही. पैसे महाविद्यालयाच्या खात्यात आले पाहिजेत आणि देणगीदाराला पावती मिळाली पाहिजे. विद्यार्थ्याच्या यूपीआयवर वर्गणी गोळा करणे कटाक्षाने टाळा, हेतू कितीही चांगला असो.

मानधन देताना कार्यालयाने पॅन मागितले. ज्येष्ठ कलाकारांकडे ते मागणे अवघड वाटते. गरज असते का?
(समन्वयक, लातूर)

असते. निमंत्रणपत्रासोबतच एक पानी माहितीपत्र पाठवा : नाव (बँकेत आहे तसे), पॅन, खाते क्रमांक, आयएफएससी. कार्यक्रम संपल्यावर, हार गळ्यात असताना मागितले की अवघड वाटते. आधी मागितले तर कोणाला काही वाटत नाही.

एका व्यक्तीला आर्थिक वर्षात दिलेले व्यावसायिक मानधन ५०,००० रुपयांच्या वर गेले की १० टक्के करकपात करावी लागते. २०२५-२६पूर्वी ही मर्यादा ३०,००० होती. कपात लागू असून पॅन नसेल तर दर २० टक्के होतो. पाच हजारांच्या मानधनावर कपात नसली तरी त्याच वक्त्याला दुसऱ्या विभागानेही बोलावलेले असू शकते, म्हणून कार्यालय पॅन मागतेच. लोककला किंवा शास्त्रीय संगीत, नृत्य, नाट्याच्या कलाकाराचे मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. ही सूट कलाकाराची आहे, मंडप-ध्वनिवाल्याची नाही.

नेहमी अडते ते ताफ्याच्या बाबतीत. करार शाहिरांशी, बिल मंडळाच्या नावाने आणि खाते तिसऱ्याच कोणाचे, असे झाले की पैसे महिनोन्महिने अडकतात. मंजुरी, बिल आणि खाते तिन्ही एकाच नावाचे ठेवा. पाच हजारांपेक्षा जास्त रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट लावून त्यावर सही घ्या. तिकिटे आदल्या दिवशीच आणून ठेवा, ऐन वेळी गावात मिळत नाहीत.

बाहेरच्या संस्थेचे नाटक आणि मुलांची एकांकिका एकाच संध्याकाळी, मैदानावर करायची आहे. प्रस्तावासोबत कोणत्या परवानग्या लावू?
(नाट्यमंडळ, कोल्हापूर जिल्हा)

नाट्यसंस्थेकडून महाराष्ट्र राज्य रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या (संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या सरकारी मंडळाच्या) प्रमाणपत्राची प्रत मागवा. मुलांची संहिता नवी असेल आणि प्रयोग लोकांसाठी खुला असेल तर तिचेही प्रमाणपत्र लागेल. त्याला वेळ लागतो, म्हणून संहिता ठरल्याबरोबर पाठवा.

लेखकाच्या परवानगीबाबत फरक लक्षात घ्या. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी आणि शिक्षकांनी स्वतः केलेला, आणि विद्यार्थी, शिक्षक, पालक, संस्थेशी संबंधित लोक यांच्यापुरता मर्यादित प्रयोग प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मधील सवलतीत बसतो. गावाला आमंत्रण दिले किंवा तिकीट लावले की या सवलतीवर विसंबू नका. लेखकाची लेखी परवानगी घ्या आणि मानधनाची ओळ अंदाजपत्रकात धरा. बाहेरच्या संस्थेने हे हक्क घेतलेले आहेत, असे तिच्या पत्रात नमूद करून घ्या.

मैदान म्हणजे उघडी जागा. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद. शैक्षणिक संस्थांभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून घोषित झालेला असू शकतो, त्यामुळे पोलिस ठाण्यात परवानगीच्या अर्जाला इथे जास्त प्रश्न विचारतात. सभागृह असेल तर मैदानाचा हट्ट सोडा. मैदानच हवे असेल तर नाटक साडेसहाला सुरू करा, कारण मध्यंतर, प्रास्ताविक आणि पाहुण्यांचे सत्कार मिळून पाऊण तास सहज जातो आणि शेवटचा प्रवेश दहाच्या काट्यावर येतो. दिव्यांचा भार किती किलोवॅट ते संस्थेला विचारून जनरेटरचे दरपत्रक घ्या. वर्गखोलीच्या जोडणीवर मंचाचे दिवे लावले की पहिल्या अंकातच फ्यूज उडतो.

आणखी एक : तारीख ठरवण्याआधी परीक्षेचे वेळापत्रक आणि निवडणुकीची आचारसंहिता बघा. वक्ता किंवा प्रमुख पाहुणा राजकीय पदावर असेल तर आचारसंहितेच्या काळात मंजूर प्रस्तावही रद्द होतो आणि मंडपाची आगाऊ रक्कम परत मिळेलच असे नाही.

अग्रिम (आगाऊ रक्कम) उचलला, कार्यक्रम झाला, समायोजन करताना (बिले देऊन हिशेब पूर्ण करताना) चार बिले नाकारली. कुठे चुकले असेल?
(शिक्षक, रत्नागिरी)

बिले समोर नसताना अंदाजच करतो. बिल प्राध्यापकांच्या नावाने असेल, महाविद्यालयाच्या नावाने नसेल. तारीख मंजुरीच्या आधीची असेल. फलकवाल्याने दिलेला कागद बिल नसून दरपत्रक असेल. किंवा टॅक्सीच्या बिलावर गाडीचा क्रमांक आणि सुरुवातीचे-शेवटचे किलोमीटर नसतील. यांतली पहिली आणि शेवटची दुरुस्त बिल आणून सुटतात. मंजुरीआधीचा खर्च मात्र प्राचार्यांची कार्योत्तर मंजुरी घेतल्याशिवाय निघत नाही, आणि ती मिळेलच याची खात्री कोणी देऊ नये. समायोजनाच्या फाइलला मंजुरीपत्र, वक्त्याचे स्वीकृतिपत्र, सह्यांची उपस्थितीयादी, दोन-तीन छायाचित्रे आणि पानभर अहवाल जोडा. तोच संच अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला लागतो, तेव्हा दोन प्रती एकदमच काढा.