बालीला जाताना औषधांची पिशवी न्यावी का?

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी दिवाळीनंतर बालीला चाललो आहोत. आमच्यातली एक डॉक्टर आहे. तिथल्या एखाद्या गरीब गावात दिवसभर तपासणी शिबिर घ्यावं, घरात उरलेली औषधं आणि जुने चष्मे वाटावेत, असं मनात आहे. कुठल्या गावात जावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, सहलीतला एक दिवस परक्यांसाठी काढावासा वाटला, हे वाचून मनापासून आनंद झाला. तरीही सांगते, शिबिर घेऊ नका. पर्यटक व्हिसावर रुग्ण तपासता येत नाहीत; परदेशी डॉक्टरला इंडोनेशियात वेगळा परवाना लागतो. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी रक्तदाबाच्या गोळ्या पंधरा दिवसांत संपल्यावर त्या बाईनं कोणाकडे जायचं?

मी डोळ्यांची डॉक्टर, म्हणून थेंबांबद्दल कळकळीनं लिहिते. उघडलेली बाटली साधारण महिन्याभरात टाकून द्यायची असते. त्यात स्टिरॉइड असेल आणि कुणी ते महिनोन् महिने घालत राहिलं, तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. अशी माणसं माझ्या ओपीडीत येत, तेव्हा फार उशीर झालेला असे. चष्मेही नकोत. एकाचा नंबर दुसऱ्याला क्वचितच जुळतो.

आता गरज कुठे आहे ते बघू. तुमची सहल बहुधा कुटा, सेमिन्याक, उबुद अशी दक्षिणेकडे होईल. पूर्वेला कारांगासेम जिल्हा आहे, तिथे अगुंग ज्वालामुखीच्या उतारावर कोरडी, विखुरलेली गावं आहेत. 1963च्या उद्रेकात तिथे हजारांहून अधिक माणसं गेली. इंडोनेशियात 2014पासून राष्ट्रीय आरोग्य विमा आहे, गरिबांचा हप्ता सरकार भरतं, आणि ‘पुस्केस्मास’ म्हणजे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारखी केंद्रंही आहेत. पण डोळ्यांचं मोठं सरकारी रुग्णालय देनपसारला, म्हणजे बालीच्या राजधानीत. मोतीबिंदू पिकलेल्या आजीला तिथवर न्यायचं तर सोबत कुणीतरी हवं, गाडी हवी, आणि सोबत्याची मजुरी बुडते. आपल्या जत-आटपाडीकडच्या आजीही याच कारणानं वर्षानुवर्षं अंधारात बसून राहतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ही अडचण ओळखून जॉन फॉसेट यांनी काम उभं केलं. ते पश्चिम ऑस्ट्रेलियातले कुंभारकलावंत. स्वतःच्या मोठ्या आजारपणानंतर ते बालीत विसाव्याला आले आणि तिथल्या लोकांसाठी काम करू लागले. त्यांच्या संस्थेचं पथक गावोगाव डोळे तपासतं, आणि शस्त्रक्रियेची सोय असलेली गाडीच गावाजवळ नेऊन मोतीबिंदू काढतं, रुग्णाकडून पैसे न घेता. शस्त्रक्रिया करणारे इंडोनेशियन डॉक्टर असतात. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं, कारण पट्टी काढल्यावर डोळा लाल झाला तर रुग्णाच्या भाषेत बोलणारं कुणीतरी तिथं असतं.

उबुदजवळचं बूमी सेहात हे प्रसूती केंद्रही असंच. सुईण रॉबिन लिम यांनी ते सुरू केलं; 2011मध्ये त्यांना सीएनएनचा ‘हीरो ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला. हातात पैसे नाहीत म्हणून तिथून कुणा बाळंतिणीला परत पाठवत नाहीत.

तेव्हा औषधांवर आणि जादा सामानावर होणारा खर्च अशा एखाद्या संस्थेला द्या. निघण्यापूर्वी ईमेल करून विचारा: भेट दिलेली चालेल का, पैसे कोणत्या कामाला हवेत, गेल्या वर्षीचा हिशेब बघायला मिळेल का. चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही. भेटीला गेलात तर रुग्णांचे फोटो काढू नका. खाटेवरची बाई नकार द्यायला संकोचते.

तुमच्या डॉक्टर मैत्रिणीला खरोखर काम करायचं असेल, तर तिनं आपली शाखा आणि अनुभव कळवून संस्थेलाच विचारावं. परवाना लागत नाही असं एखादं काम, उदाहरणार्थ तिथल्या कर्मचाऱ्यांसमोर व्याख्यान, ते सुचवतील. ‘सध्या गरज नाही’ असं उत्तर आलं, तर तेही मानावं.