पिकअपचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) काढून घरी बनवलेले ट्रेलिंग आर्म, म्हणजे मागची धुरी जागेवर धरून ठेवणारे लांब दांडे, लावता येतात का?

येतात. मी दोनदा लावलेत, पहिल्यांदा चुकीचे आणि दुसऱ्यांदा बरोबर. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे आणि ही दोन्ही कामं मी शेडच्याच जुन्या गाडीवर केली.

तुम्ही लिहिलंय की नान्नजजवळ द्राक्षबाग आहे आणि बागेतून पॅकिंग शेडपर्यंत क्रेट आणायला एक जुनी पिकअप ठेवली आहे. पाटे कडक असल्यामुळे गाडी आदळते, मणी गळतात. गावातले वेल्डर ७५ बाय ५० च्या बॉक्स पाइपचे (चौकोनी पोकळ नळीचे) दोन आर्म करून कॉइल स्प्रिंग बसवून देतो म्हणतायत, ते चालेल का, हा प्रश्न. बॉक्स पाइप लावू नका. का, ते नीट सांगतो, कारण माझी पहिली चूक हीच होती.

पाटा फक्त वजन उचलत नाही. तो हाऊसिंगला (मागच्या धुरीच्या नळीला) पुढे-मागे आणि आडवं सरकू देत नाही. शिवाय ब्रेक मारला की हाऊसिंग स्वतःभोवती फिरायला बघतं, तेही तोच रोखतो. कॉइल यातलं फक्त वजनाचं काम करते. बाकीच्या कामांसाठी दोन आर्म आणि एक आडवा रॉड लागतो. एखाद्या जुन्या इनोव्हाखाली आडवे होऊन बघा: तिथे चार आर्म आणि एक आडवा रॉड दिसेल. शेतातल्या गाडीला मात्र त्याहून सोपी रचना पुरते. शेवरलेच्या १९६० ते १९७२ च्या अर्ध्या टनाच्या पिकअपला मागे दोनच लांब आर्म असायचे. मागच्या बाजूला ते हाऊसिंगला यू-बोल्टने घट्ट बांधलेले, पुढे क्रॉस मेंबरवर (चासीच्या आडव्या पट्टीवर) रबरी बुशमध्ये, आणि वरून पाहिलं तर पुढे जाताना एकमेकांकडे झुकलेले. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींच्या मुख्य कप मालिकेतल्या गाड्यांनी हीच रचना २०२१ पर्यंत चालवली.

त्या शेवरलेचे आर्म बॉक्सचे नव्हते. पत्र्याचे दोन चॅनेल (इंग्रजी 'सी'च्या आकाराचे) पाठीला पाठ लावून केलेला 'आय' होता. सगळी गोम इथे आहे. एक चाक बांधावर चढलं आणि दुसरं सरीत उतरलं की हाऊसिंग तिरकं होतं. आर्म हाऊसिंगला घट्ट बांधलेला असल्यामुळे त्याला पीळ बसतो. 'आय' हा पीळ सहन करून परत सरळ होतो. बॉक्स पिळतच नाही. मग तो जोर आधी बुशवर जातो, बुश दबून संपला की ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर.

घरी पटवून घ्यायचं असेल तर उदबत्तीची पुठ्ठ्याची गोल नळी घ्या आणि दोन्ही हातांनी पिळून बघा. मग ब्लेडने तिला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभी चीर द्या आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तोच, पण आता नळी सहज पिळते. बंद आणि उघड्या सेक्शनमध्ये पिळाच्या ताकदीचा फरक कित्येक पटींचा असतो. उभ्या वाकण्यात मात्र चॅनेल कमी पडत नाही.

माझ्या बॉक्सच्या आर्मवर वेल्डिंग सुरेख बसलं होतं. तीन महिन्यांनी ग्रीस करताना ब्रॅकेटच्या कडेला गंजाची बारीक रेघ दिसली. मला वाटलं वेल्डिंग कच्चं राहिलं, म्हणून वरून पट्टी मारली. थोड्या दिवसांनी पट्टीच्या शेजारी चीर गेली. मग गाडी उभी करून एकच मागचं चाक जॅकवर उचललं आणि खाली पडून बघत राहिलो. आर्म तसूभरही पिळत नव्हता, पुढचा क्रॉस मेंबर वाकत होता. त्या दिवशी दोन्ही आर्म कापून काढले.

आता मापं. ७५ चा चॅनेल (७५ बाय ४०, मीटरला सुमारे ७ किलो) दोन नग पाठीला पाठ लावून, मधून बोल्टने जोडा. वरून-खालून पट्ट्या मारून तो बंद करू नका, नाहीतर पुन्हा बॉक्सच झाला. ताकदीचा हिशोब असा: मागच्या धुरीवर १५०० किलो भार धरला आणि जोरात ब्रेक मारला, तर एका बाजूला जमिनीवर साधारण ६०० किलोचा जोर येतो. चाकाची त्रिज्या ३४ सेंटीमीटर धरली तर आर्मच्या मागच्या टोकाला २०० किलोग्रॅम-मीटरच्या आसपास वाकवणारा जोर. दोन चॅनेलमध्ये त्याने चौरस मिलिमीटरला सुमारे ५ किलो ताण येतो. साधं स्टील २५ किलोला कायमचं वाकायला लागतं. खड्ड्याचा दणका तिप्पट धरला तरी जागा उरते. पण कॉइल आर्मवर, धुरीच्या बरीच पुढे ठेवली तर हा हिशोब बिघडतो. ती हाऊसिंगवरच बसवा.

आर्मची लांबी निदान १२०० मिलिमीटर ठेवा. चाक १०० मिलिमीटर वर गेलं तर १२०० च्या आर्मने हाऊसिंग जवळपास ५ अंश फिरतं, ६०० च्या आर्मने १० अंश. हाऊसिंगबरोबर पिनियनचं तोंडही (जिथे प्रोपेलर शाफ्ट जोडतो) तेवढंच फिरतं आणि मग क्रॉस (शाफ्टचा सांधा) झिजायला लागतो. पुढची पिन प्रोपेलर शाफ्टच्या पुढच्या क्रॉसच्या जितकी जवळ येईल तितकं चांगलं.

आडवा रॉड एका टोकाला चासीवर, दुसऱ्या टोकाला हाऊसिंगवर. ८०० मिलिमीटर लांब असेल तर १०० मिलिमीटर उसळीला हाऊसिंग ६ मिलिमीटर बाजूला सरकतं, निम्म्या लांबीला दुप्पट. गाडी भरलेली असताना रॉड आडवा, समपातळीत यायला हवा. रिकाम्या गाडीवर माप घेऊ नका.

वेल्डिंगला गेट-ग्रिलची ६०१३ रॉड नको. ७०१८ घ्या, तीही भट्टीत नीट सुकवलेली. हाऊसिंगमधलं तेल आणि अ‍ॅक्सल आधी काढा, बॅटरी सोडा, अर्थिंग वेल्डिंगच्या शेजारीच लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन त्याला डाग पाडतो. एका बाजूने सलग वेल्डिंग मारलं तर हाऊसिंगची नळी वाकते, म्हणून तुकड्या-तुकड्याने, आलटून-पालटून मारा. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला वेल्डिंग लावूच नका. ब्रॅकेट मधल्या उभ्या भागाला ८.८ ग्रेडच्या बोल्टने बांधा. आणि जुन्या पाट्याचा तुकडा वेल्ड करून आर्म करू नका, बरेच जण करतात. ते स्प्रिंगचं पोलाद वेल्डिंगशेजारी काचेसारखं ठिसूळ होतं.

ब्रेकचा होज आणि हँडब्रेकची केबल चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना तपासा. ताणलेली दिसली तर लांब घ्या. ज्या गाडीत भारानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी हाऊसिंगला जोडलेली असते. उंची बदलली की तीही नव्याने जुळवावी लागते. हे राहिलं तर भरल्या गाडीला मागचा ब्रेक अपुरा लागू शकतो.

आता तुमच्या मण्यांबद्दल. २० किलोचे ४० क्रेट म्हणजे ८०० किलो. एक मिलिमीटर दबायला ८ किलो लागतात अशा दोन कॉइल असतील तर गाडी ५० मिलिमीटर बसेल. ४ किलोच्या मऊ कॉइल लावल्या तर १०० मिलिमीटर बसेल, म्हणजे बंप स्टॉपवर (हाऊसिंग वर येऊन अडतं त्या रबरी ठोकळ्यावर) टेकून पुन्हा तीच आदळआपट. म्हणून माझं मत आहे की या मोसमात आधी पाटेच उतरवून घ्या, गंज घासा, ग्रीस लावा, शॅकलचे बुश आणि शॉकअप बदला. भार कमी असेल तर तळाचा जाड पाटा काढून बघा आणि टायरची हवा भाराप्रमाणे ठेवा. एवढ्यानेच बराच फरक पडेल. नाही पडला तर आर्म करा.

ही गाडी बागेबाहेर नेऊ नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हायवेवर काही झालं तर विम्याचाही आधार धरू नका.

बसवल्यावर पहिल्या आठवड्यात सगळे यू-बोल्ट पुन्हा आवळा. नंतर दर महिन्याला ब्रॅकेटच्या वेल्डिंगच्या कडा पुसून रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर आतलं तेल झिरपून पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते. रेघ दिसली तर पट्टी मारू नका, एक चाक जॅकवर घ्या आणि काय पिळत नाहीये ते शोधा.