उसात दाणेदार औषध टाकलं आणि साळुंक्या मेल्या, बर्ड फ्लू असेल का?

प्रश्न: आम्ही शिरोळ तालुक्यातले. शेजाऱ्यांनी हुमणीसाठी (उसाची मुळं खाणारी अळी) उसाच्या सरीत दाणेदार औषध टाकून पाणी सोडलं, दुसऱ्या दिवशी बांधावर बऱ्याच साळुंक्या आणि दोन बगळे मरून पडलेले. एक साळुंकी जिवंत होती पण लाळ गळत होती, पाय आखडलेले. घरचे म्हणतात बर्ड फ्लू. आमच्या कोंबड्यांना धोका आहे का?

उत्तर: ताई, तुमच्या वर्णनावरनं मला तरी ही विषबाधाच वाटते. लाळ, थरथर, आखडलेले पाय ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेची लक्षणं आहेत. नसांमधला निरोप पोचला की तो थांबवणारं एक एन्झाइम असतं, हे औषध नेमकं तेच बंद पाडतं, मग स्नायू लुळे पडतात आणि श्वास थांबतो. पक्ष्यांच्या अंगात हे विष मोडायची ताकद आपल्यापेक्षा फार कमी, त्यामुळे थोडक्यातच जीव जातो.

दात नसल्यामुळे बरेच पक्षी दाणे दळायला बारीक खडे गिळतात, त्यात मातीवर उघडं राहिलेलं औषधही पोटात जातं. बगळ्याचं वेगळं, तो पाणी सोडल्यावर वर आलेले किडे टिपतो आणि विष त्या किड्यांतनं येतं. नांगरामागं फिरून हुमणी वेचणारी हीच पाखरं हो, आणि तीच आपण मारतोय, फार वाईट वाटतं. अर्जेंटिनात १९९५-९६ ला टोळांवर मोनोक्रोटोफॉस मारलं तेव्हा ते टोळ खाऊन हजारो ससाणे असेच मेले होते.

शेजाऱ्यांना पिशवीवरचं नाव विचारा. फोरेट (याच गटातलं दाणेदार कीटकनाशक) असेल तर त्यावर २०२० च्या अखेरपासून देशात बंदी आहे, जुना साठा घरात असला तरी वापरू नका. हुमणीसाठी वळवाच्या पावसानंतर रात्री कडुनिंब-बाभळीवर बसणारे भुंगेरे (हुमणीचे प्रौढ किडे) झाडं हलवून गोळा करून मारा, हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी शेणखतातनं द्या. हे काम गावानं मिळून केलं तरच उपयोग, एकट्याच्या रानात करून भागत नाही.

बर्ड फ्लू मात्र नुसत्या डोळ्यांनी नाकारता येत नाही, म्हणून मेलेल्या पाखरांना उघड्या हातानं शिवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा, तपासणी तेच करतील. कुत्र्या-मांजरांना ती खाऊ देऊ नका. जिवंत सापडलं तर खोक्यात, सावलीत ठेवून लगेच डॉक्टरकडे न्या, अॅट्रोपिन हा या विषावरचा उतारा वेळेत मिळाला तर वाचू शकतं, वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. आणि कोंबड्या तूर्त डालूनच ठेवा, त्या रानाकडं अजिबात सोडू नका.